आजारी कोंबडीची घरी शुश्रूषा: आधी ऊब, मग पाणी, औषध त्यानंतर

कोंबडी आजार लपवते. कळपात जी अशक्त दिसते तिला बाकीच्या टोचून काढतात, मुंगूस-मांजरही तिच्यावरच डोळा ठेवते. म्हणून उभे राहण्याइतकी ताकद असेपर्यंत ती इतरांसोबत फिरते, चोच जमिनीला लावून दाणे टिपल्याचे नुसते दाखवते. ती पिसे फुगवून, मान खांद्यात घेऊन कोपऱ्यात बसलेली दिसली, की आजार आज सुरू झालेला नाही, दोन-तीन दिवसांचा जुना आहे असेच धरून चाला.

अशा वेळी बहुतेक घरांत पहिली धाव मेडिकलकडे असते आणि माणसाच्या अँटिबायोटिकची अर्धी गोळी चोचीत जाते. रोग कोणता हे कळायच्या आतच औषध सुरू होते. खरे तर दोन दिवस न खाल्लेली कोंबडी पुष्कळदा मूळ रोगाआधी गारठ्याने आणि शरीरातले पाणी आटल्याने मरते. पहिल्या दिवशी या दोन गोष्टी सांभाळल्या, तर रोग ओळखायला आणि डॉक्टर गाठायला वेळ मिळतो.

आधी खात्री करा: आजारी की खुडूक?

खुडूक, म्हणजे अंडी उबवायला बसलेली कोंबडीही पिसे फुगवून बसते, कमी खाते आणि जागची हलत नाही. पण तिला हात लावला की ती गुरगुरते, टोचते. उचलून बाहेर ठेवली तर चार दाणे टिपते, पाणी पिते, एक मोठी घाण वासाची शीट टाकते आणि तरातरा घरट्याकडे परत जाते. आजारी कोंबडी उचलली तरी विरोध करत नाही, ठेवली तिथेच राहते. पिसे झडायच्या दिवसांतही कोंबडी मलूल दिसते, तुरा आक्रसतो आणि अंडी थांबतात. मात्र तिचे खाणे-पिणे चालू असते.

वेगळी जागा

शंका आली की त्याच क्षणी तिला कळपातून बाहेर काढा. मोठे डालगे, जाळीचा पिंजरा किंवा भोके पाडलेला पुठ्ठ्याचा खोका चालतो. साधारण दीड फूट लांब-रुंद जागा पुरे, फार मोठी नको. बाकीच्या कोंबड्यांपासून निदान दहा-बारा पावले लांब, वारा आणि कुत्री येणार नाहीत अशा जागी ठेवा. खाली भाताचे तूस टाकून वर वर्तमानपत्र अंथरा. कागदामुळे शीट स्पष्ट दिसते आणि निदानाचा निम्मा भाग शिटेतच असतो. कागद सकाळ-संध्याकाळ बदला, काढलेला जाळा किंवा पुरा.

निरोगी कोंबडीच्या अंगाचे तापमान ४१ अंश सेल्सिअसच्या आसपास असते, म्हणजे आपल्यापेक्षा चार अंश जास्त. ते टिकवायला तिला सतत खावे लागते. खाणे थांबले की ती गारठते, मग पचन मंदावते आणि घास पोटात पडून राहतो. म्हणून आजारी कोंबडीभोवती २७ ते ३० अंश ऊब हवी. जुना तारेचा ६० वॅटचा बल्ब डालग्याच्या एका कडेला, कोंबडीपासून दीड फुटावर घट्ट बांधा. एलईडी बल्बने उजेड मिळतो, ऊब मिळत नाही, आणि ही चूक फार घरांत होते. बल्ब मधोमध न टांगता एकाच कडेला ठेवा, म्हणजे गरम झाले तर तिला सरकता येईल. डालग्यावर झाकलेले गोणपाट बल्बला टेकत नाही ना, हे निजण्यापूर्वी पुन्हा एकदा बघा. वीज नसेल तर गरम पाण्याची बाटली जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळून शेजारी ठेवा आणि दर दोन-तीन तासांनी पाणी बदला.

पाय हाताला गार लागत असतील तर ऊब कमी पडते आहे. चोच उघडून धापा टाकत पंख अंगापासून लांब धरले असतील तर जास्त झाली आहे.

एप्रिल-मे महिन्यांत, विशेषतः विदर्भ-मराठवाड्यात, हे सगळे उलटे होते. भर दुपारी धापा टाकत पडलेल्या कोंबडीला ऊब देऊ नका. तिला सावलीत घ्या, पाय आणि पंखांखालची बाजू साध्या पाण्याने ओली करा, ओले गोणपाट लावून वारा खेळता ठेवा. बर्फाच्या पाण्यात बुडवू नका. कातडीच्या रक्तवाहिन्या आक्रसतात आणि आतली उष्णता आतच कोंडते.

तपासणी: दहा मिनिटे, काटा आणि बॅटरी

उचलताना दोन्ही पंख अंगाशी धरून जुन्या टॉवेलमध्ये गुंडाळा. छाती दाबू नका. पक्ष्याच्या छातीत आपल्यासारखा पडदा नसतो, छातीचा पिंजरा हलला तरच श्वास होतो. बाजारात धरतात तसे पायांना धरून उलटे तर मुळीच लटकवू नका. गळ्याखालच्या पिशवीत साचलेले पाणी उलटे वाहून श्वासनळीत जाते.

पहिल्यांदा वजन करा आणि तारखेसह लिहून ठेवा. पुढे रोज सकाळी, खाण्याआधी, त्याच काट्यावर. नजरेला कोंबडी "आज बरी वाटते", काटा मात्र फसत नाही. दीड किलोची कोंबडी दोन दिवसांत दीडशे ग्रॅमने उतरली तर घरच्या उपायांवर अवलंबून राहू नका. मग छातीचे मधले हाड चाचपा. दोन्ही बाजूंनी मांस भरलेले असेल तर आजार नवा, हाड सुरीच्या पात्यासारखे लागत असेल तर जुना.

गळ्याखालची धान्याची पिशवी सकाळी उपाशीपोटी तपासा. रात्रभरात ती रिकामी व्हायला हवी. शेपटीखाली पिसे शिटेने चिकटली आहेत का, पोट फुगून पाण्याच्या पिशवीसारखे लागते का, हे बघा. चोच उघडून बॅटरीच्या उजेडात आत पिवळे चट्टे आहेत का पाहा. नाकपुड्या, डोळ्यांतला फेस, तळपायाला काळी खपली, तुऱ्याचा रंग हेही नोंदवा. तुरा फिकट असेल तर रक्त कमी आहे, म्हणजे जंत, गोचीड किंवा हगवणीतून जाणारे रक्त. तुरा निळा-जांभळा असेल तर श्वास किंवा हृदयाचा त्रास आणि धोका मोठा.

शीट नीट वाचायला शिका. घट्ट तपकिरी, वर पांढरी टोपी असलेली शीट उत्तम. दर आठ-दहा वेळांतून एकदा येणारी चिकट, चॉकलेटी, घाण वासाची शीटही निरोगीच असते. तिला हगवण समजून औषध देणारे पुष्कळ जण आहेत. गर्द हिरवी, पातळ शीट म्हणजे पोटात अन्न नाही, नुसते पित्त उतरते आहे. उपाशी कोंबडीत ती दिसतेच, मानमोडी (राणीखेत) या रोगातही दिसते. लाल रक्त दिसले तर रक्ती हगवण. बारीक पांढरे दोरे वळवळताना दिसले तर जंत.

पाणी आणि पेज

एक लिटर उकळून कोमट केलेल्या पाण्यात चहाचा एक चमचा साखर, पाव चमचा मीठ आणि पाव चमचा खायचा सोडा विरघळवा. मीठ यापेक्षा जास्त नको, कोंबडीला ते लवकर बाधते. पाणी सहा तासांनी ओतून नवे करा, दोन-तीन दिवसांच्या पुढे देऊ नका आणि शेजारी साध्या पाण्याचे भांडे ठेवा. पत्र्याचे भांडे वापरू नका.

ती स्वतः पीत असेल तर पाजायच्या भानगडीत पडू नका. पीत नसेल तर चोचीचे टोक पाण्यात बुडवून सोडा. कित्येक वेळा तेवढ्याने सुरुवात होते. नाहीच झाली तर सुई काढलेली ५ मिलीची सिरिंज घ्या, मान नेहमीसारखी सरळ ठेवा आणि चोचीच्या बाजूच्या कडेवर एक-एक थेंब सोडा. थेंब आत ओढून ती गिळते. गिळल्याशिवाय पुढचा थेंब नाही. जिभेच्या मुळाशीच श्वासनळीचे तोंड उघडे असते, म्हणून चोच फाकवून धार ओतली तर पाणी थेट फुप्फुसात जाते आणि वाचणारी कोंबडी हाताने मारली जाते. दर अर्ध्या-पाऊण तासाने ५ मिली, दिवसभरात किलोमागे निदान ५० मिली. दीड किलोच्या कोंबडीला म्हणजे ७५ ते १०० मिली.

खाणे पाण्याच्या नंतर. अंग गार आणि कोरडे असताना पोटात ढकललेले अन्न आंबते. पहिले काही तास पाणी जिरले, पिशवी थोडी रिकामी झाली, की नाचणीची किंवा तांदळाची पातळ पेज द्या. तीत उकडलेल्या अंड्याचा पिवळा बलक कुस्करून घातला तर उत्तम. स्वतः खाणाऱ्या कोंबडीपुढे भिजवून मऊ केलेले लेअरचे (अंड्यांवरच्या कोंबड्यांचे) खाद्य ठेवा. हाताने भरवताना एका वेळी १० ते १५ मिली, दिवसातून चार-पाच वेळा, तेही आधीची पिशवी हाताला मऊ, रिकामी लागली तरच. ज्वारी, मका, गहू असे अख्खे धान्य ती सावरेपर्यंत बंद. ताक, दारू, रॉकेल, तंबाखूचे पाणी यांतले काहीही पाजू नका.

मानमोडी

राणीखेत या रोगाला आपल्याकडे मानमोडी म्हणतात ते त्याच्या खुणेवरून. मान पिळवटते, कोंबडी गोल फिरते किंवा मागे पडते. त्याआधी हिरवी पातळ हगवण, चोच उघडून घरघर, पंख-पाय लुळे पडणे ही लक्षणे असतात. पुष्कळदा मात्र आदल्या संध्याकाळी ठीक असलेल्या दोन-तीन कोंबड्या सकाळी मेलेल्याच सापडतात. हा विषाणूचा रोग आहे, त्यावर औषध नाही. अँटिबायोटिकने हा विषाणू मरत नाही, फक्त पाठोपाठ येणारे जिवाणू काही वेळा आवरतात.

घरी करायचे ते एवढेच: ऊब, पाणी, हाताने भरवणे. मान वाकडी झालेली एखादी कोंबडी वाचते, पण तिला चोच दाण्यावर नेता येत नाही. तिला काही आठवडे खोलगट भांड्यातून, अंगाला दोन्ही बाजूंनी फडक्याचा आधार देऊन भरवावे लागते.

इथे खरा इलाज आधीचा, लसीचा. पिल्लू ५ ते ७ दिवसांचे असताना लासोटा लसीचा एक थेंब डोळ्यात किंवा नाकात, चौथ्या आठवड्याच्या सुमारास पुन्हा लासोटा, आणि आठव्या आठवड्यात आर-टू-बी लस ०.५ मिली कातडीखाली. लसीची कुपी शंभर किंवा त्याहून जास्त मात्रांची असते आणि विरघळवल्यावर दोन तासांत संपवावी लागते. म्हणून आळीतल्या चार-पाच घरांनी एकच दिवस ठरवणे सोयीचे. लस बर्फाच्या थर्मासमधून आणा. पिशवीत घालून उन्हातून आणलेली लस टोचणे म्हणजे पाणी टोचणे. घरात रोग शिरल्यावर आजारी कोंबडीला लस देऊ नका.

रक्ती हगवण

तीन ते आठ आठवड्यांच्या पिल्लांत, पावसाळ्यात, तूस ओले राहिले की हमखास. पिल्ले एकमेकांना चिकटून बसतात, पंख गळतात, शिटेत रक्त दिसते. हा एकपेशीय परजीवीचा रोग आहे आणि इथे औषध खरोखर काम करते. २० टक्के अॅम्प्रोलियमची पूड पाच लिटर पाण्याला ६ ग्रॅम, पाच ते सात दिवस, दररोज ताजी. त्या काळात दुसरे पाणी ठेवू नका, नाहीतर ती औषधाचे पाणी टाळतात. जी पीतच नाहीत त्यांना सिरिंजने थेंब-थेंब द्या. पाण्यातून दिलेल्या कुठल्याही औषधाची अडचण हीच की सर्वांत आजारी पक्षी सर्वांत कमी पाणी पितो आणि सर्वांत कमी औषध घेतो.

अॅम्प्रोलियम बी-१ जीवनसत्त्वाच्या वाटेत आडवे येते, त्यावरच त्याचे काम चालते. म्हणून त्याच दिवसांत "ताकदीसाठी" बी-कॉम्प्लेक्स दिले तर औषध फुकट जाते. जीवनसत्त्वे कोर्स संपल्यावर द्या. सगळे ओले तूस काढून कोरडे टाकणे हे औषधाइतकेच महत्त्वाचे.

अडकलेले अंडे

तलंग, म्हणजे तरुण कोंबडी पहिल्यांदा अंडे घालताना, किंवा भरपूर अंडी देणाऱ्या कोंबडीला कॅल्शियम कमी पडले की अंडे वाटेत अडकते. ती शेपूट खाली पाडून उभट उभी राहते, शेपटीखालचा भाग कळा आल्यासारखा उघडझाप करतो, घरट्यात वारंवार जाऊन रिकामी परत येते. पोटावर हलका हात ठेवला की टणक गोळा लागतो. एक दिवस उलटला तर जिवावर बेतते.

बादलीत कोपराला सुखद वाटेल इतके, ३८ ते ४० अंश कोमट पाणी घ्या. कोंबडीचे पोट बुडेल अशी तिला १५ ते २० मिनिटे धरून बसवा. अंधार असेल तर ती शांत राहते. मग कोरडी पुसून, मागच्या तोंडाला आत बोटाच्या पेराइतके खोबरेल तेल लावा आणि उबदार, अंधाऱ्या डालग्यात एकटी सोडा. सोबत ५०० मिलिग्रॅम कॅल्शियमची एक गोळी कुटून पेजेतून द्या, कारण गर्भनळीच्या आकुंचनाला कॅल्शियम लागतेच. तासा-दोन तासांनी पुन्हा एकदा बसवा. पोट दाबून अंडे बाहेर ढकलू नका आणि आत फोडू नका. कवचाचे तुकडे नळी फाडतात आणि बलक पोटात सांडला की जंतुसंसर्ग ठरलेला. दोन-तीन प्रयत्नांत अंडे आले नाही, किंवा आतले मांस बाहेर आले, तर त्याच दिवशी दवाखाना. पुढे अशा कोंबडीपुढे भाजून जाडसर कुटलेला शिंपल्यांचा चुरा वेगळ्या भांड्यात कायम ठेवा. पानात खायचा चुना त्याऐवजी चालत नाही, तो तोंड भाजतो.

पिशवी तुंबली किंवा आंबली

सकाळी पिशवी कणकेच्या गोळ्यासारखी घट्ट लागली तर लांब गवत, सुतळी, प्लास्टिक अडकलेले असते. धान्य बंद करा, चहाचा चमचाभर कोमट खोबरेल तेल थेंब-थेंब गिळू द्या आणि दिवसातून तीन-चार वेळा, पाच-पाच मिनिटे बोटांनी हलके चोळा. दोन दिवसांत सुटली नाही तर डॉक्टरांना छेद घेऊन काढावे लागते. पिशवी पाण्याच्या फुग्यासारखी डचमळत असेल आणि चोचीला आंबूस वास येत असेल तर ती आंबली आहे, बुरशी वाढली आहे. उलटे धरून रिकामी करण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. तो देणाऱ्यांनी त्यात गुदमरलेल्या कोंबड्या मोजलेल्या नसतात. एक दिवस फक्त पाणी आणि बुरशीचे औषध डॉक्टरांकडून.

बाकीचे थोडक्यात

तुऱ्यावर, डोळ्यांभोवती काळसर खपल्या म्हणजे देवी. डास पसरवतात. खपल्या ओढू नका, दिवसातून एकदा पोव्हिडोन आयोडिन लावा, दोन ते चार आठवड्यांत गळतात. चोचीच्या आत पिवळे चट्टे आले तर मात्र श्वास कोंडतो, दवाखान्यात न्या. तळपायाला काळी खपली आणि सूज असेल तर कोमट मिठाच्या पाण्यात पंधरा मिनिटे शेक, पोव्हिडोन आयोडिन आणि पट्टी. कापायला जाऊ नका.

फिकट तुऱ्याची कोंबडी दिसली तर रात्री बॅटरी घेऊन खुराडे बघा. गोचीड आणि बारीक लाल किडे दिवसा भिंतीच्या फटीत दडतात, रात्री रक्त पितात. दिवसा कोंबडीच्या अंगावर शोधून काही सापडत नाही आणि मालक जंताचे औषध देत राहतो. फटी बुजवा, दांडे उन्हात तापवा, भिंतींना चुना द्या आणि अंगणात चुलीची कोरडी राख व मातीचे आंघोळीचे टोपले ठेवा.

औषध आणि दवाखाना

डॉक्टरांना फोन करताना वजन, वय, लस केव्हा दिली, शिटेचा रंग आणि आणखी किती कोंबड्या आजारी, एवढे तयार ठेवा. शिटेचा मोबाइलवर फोटो काढा. गावातला पशुवैद्यकीय दवाखाना जवळ नसेल तर १९६२ या टोल-फ्री क्रमांकावर फिरत्या पथकासाठी संपर्क करता येतो. औषध दिल्यावर किती दिवस अंडी आणि मांस खायचे नाही, हे प्रत्येक वेळी विचारा आणि तोवरची अंडी फेकून द्या. कोलिस्टिन हे अँटिबायोटिक खाण्याच्या प्राण्यांना देण्यावर २०१९ पासून देशात बंदी आहे. जुन्या पुड्या घरात असतील तर वापरू नका.

एका दिवसात बऱ्याच कोंबड्या पटापट मेल्या, डोकी सुजली, तुरे जांभळे पडले, तर बर्ड फ्लूची शंका धरून उपचार थांबवा. मेलेल्यांना उघड्या हाताने शिवू नका आणि दवाखान्याला कळवा. देशातला बर्ड फ्लूचा पहिला उद्रेक फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरलाच नोंदला गेला होता. या बाबतीत लपवाछपवी करून कोणाचाच फायदा होत नाही.

आजारी कोंबडी "मरायच्या आत" कापून खाण्याची सवय सोडा. ती आठवडी बाजारात विकणे तर त्याहून वाईट, कारण मानमोडी एका गावातून दहा गावांत अशीच जाते. मेलेली कोंबडी शवविच्छेदनासाठी द्यायची असेल तर प्लास्टिकच्या दोन पिशव्यांत बांधून, बर्फावर ठेवून त्याच दिवशी पोहोचवा. गोठवू नका. नाहीतर विहिरीपासून लांब तीन फूट खड्डा, वर चुना, माती आणि कुत्र्यांसाठी दगड.

परत कळपात

लक्षणे थांबल्यावर आठवडाभर ती वेगळीच राहू द्या. वजन सलग तीन दिवस वाढलेले हवे. मग दोन दिवस तिचे डालगे खुराड्याशेजारी ठेवा, म्हणजे एकमेकींची पुन्हा ओळख होते. दिवसा सोडली तर जुन्या मैत्रिणीही परक्यासारख्या टोचतात. म्हणून अंधार पडल्यावर तिला दांड्यावर इतरांच्या मध्ये बसवा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी खाद्य दोन ठिकाणी ठेवा. ती ज्या डालग्यात होती ते दहा लिटर गरम पाण्यात ४०० ग्रॅम धुण्याचा सोडा घालून, हातमोजे घालून घासा, साध्या पाण्याने धुवा आणि निदान दोन दिवस कडक उन्हात ठेवा. नवीन विकत आणलेली कोंबडी याच डालग्यात तीन आठवडे वेगळी ठेवायची असते, तेव्हा ते हाताशी तयार राहू द्या.